टाकीतला एप्टेशिया खरवडू नका

1 जून ते 31 जुलै बंदी. बोटी वर चढल्या, जाळी शिवायला काढली, आणि एरवी घरात न दिसणारे बाबा दिवसभर घरात दिसायला लागले. मग पोराने हौसेने मांडलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीकडे त्यांचं लक्ष जातं. "अख्खा दर्या दारात असताना घरात कशाला?" हे बोलून झालं की तेच खुर्ची ओढून टाकीसमोर बसतात. टाकीत निमोची जोडी आहे, दोन-चार मऊ कोरल आहेत, आणि दगडावर बोटभर उंचीची तपकिरी, काचेसारखी आरपार दिसणारी फुलं उगवली आहेत. दोन महिन्यांपूर्वी एक होतं, आता वीस आहेत. बाबा म्हणतात, "एवढंच ना? दे ती पट्टी, खरवडून टाकतो."

आजची पोस्ट त्या पट्टीवाल्या हातासाठी आहे.

आपला हात पट्टीकडे जाणारच. बोटीच्या बुडाला चिकटलेले कवचवाले जीव आपण वर्षानुवर्षं खरवडत आलो. खरवडलं, धुतलं, रंग मारला, की तो विषय संपतो. टाकीतल्या या फुलाचं गणित मात्र बरोबर उलटं आहे. त्याला एप्टेशिया म्हणतात. हे एक लहान समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन. दिसतं झाडासारखं, पण आहे प्राणी, जेलीफिशच्या नात्यातला. मधोमध तोंड, भोवती लांब टोकदार दोरे, खाली देठ आणि देठाच्या तळाला दगड धरून ठेवणारी चकती. ही चकतीच सगळ्या कटकटीचं मूळ आहे. एप्टेशिया दगडावरून अगदी हळू सरकतो आणि सरकताना चकतीच्या कडेचे बारीक तुकडे मागे सोडतो. त्या प्रत्येक तुकड्यातून काही दिवसांत तोंड आणि दोऱ्यांसकट नवीन फूल तयार होतं. त्याला जोडीदार लागत नाही. तुम्ही पट्टी मारलीत की हेच काम तुम्ही त्याच्यासाठी जोरात करून देता. देठ हातात येतो, चकतीचे कण दगडाच्या भोकात राहतात, काही पाण्यात उडतात आणि पंपाच्या झोताबरोबर टाकीभर फिरतात. पंधरा-वीस दिवसांनी बघावं तर विसाचे साठ झालेले असतात.

काहींना वाटतं, बरं झालं, निमोला घर मिळालं. तसं नाही. निमो ज्यात राहतो ती समुद्रफुलं वेगळ्या जातीची, ताटाएवढी मोठी होणारी. एप्टेशियाच्या दोऱ्यांत डंख असतो. शेजारच्या कोरलला तो डंख लागत राहतो, कोरल आखडतं, उघडत नाही, शेवटी जागा सोडतं. फार डिवचलं तर देठातून पांढरे बारीक धागे बाहेर टाकतो, त्यांतही डंख असतो. बारीक मासा किंवा लहान कोळंबी सापडली तर खातो. माणसाला विशेष काही होत नाही, पण हातावर जखम असेल तर चुरचुरतं.

दुसरी समजूत अशी की लाईट बंद ठेवला तर मरेल. एप्टेशियाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न करून त्याला देतं, म्हणून ही कल्पना सुचते. पण बाहेरचं खाणं मिळत असेल तर तो अंधारातही जगतो. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ असे शेवाळ गमावलेले पांढरे एप्टेशिया मुद्दाम सांभाळतात. समुद्र तापला की कोरल पांढरं का पडतं, हे शोधायला हा प्राणी त्यांना फार सोयीचा पडतो, कारण तो मरता मरत नाही! अंधार केलात तर आधी तुमचं कोरल मरेल.

मारायच्या आधी ओळख पक्की करा. नळीत राहणारा पंखेवाला किडा लांबून असाच दिसतो, पण तो बोट हलवताच क्षणात नळीत गायब होतो आणि तो निरुपद्रवी आहे. एप्टेशिया आखडतो, पण भोकाशी त्याचा गोळा दिसत राहतो. मजानो नावाचा आणखी एक उपद्रवी ॲनिमोन असतो. त्याचे दोरे आखूड, टोकं गोळीसारखी फुगीर, रंग हिरवट किंवा गुलाबी. दिसायला सुंदर म्हणून लोक ठेवून घेतात आणि मग पस्तावतात. त्यालाही खाली दिलेला चुन्याचाच उपाय.

आता चुना. परदेशातले टाकीवाले ज्याला 'काल्कवासर' म्हणून डबे विकतात, ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, म्हणजे कळीचा चुना पाण्यात विरवल्यावर जो होतो तोच पदार्थ. फक्त टाकीसाठी शुद्ध पावडर घ्या. पानाच्या टपरीवरच्या चुन्यात दुसरं काय मिसळलं आहे हे कळायला मार्ग नसतो. चमचाभर पावडरीत थेंब थेंब पाणी घालून पानाला लावतात तेवढा दाट लगदा करायचा. पातळ झाला तर पाण्यात धुरासारखा पसरतो आणि उपयोग होत नाही. हा लगदा जाड, बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरायचा.

सगळे पंप बंद करा आणि पाणी स्थिर होऊ द्या. टाकीवर वाकून सावली पाडू नका, कारण सावली पडली की एप्टेशिया भोकात जातो आणि मग तासभर बसावं लागतं. गळ टाकून बसणाऱ्याला हे सांगायला नको. सुई बाजूने, अगदी हळू न्यायची. तोंडाच्या वर आली की लगदा अलगद सोडायचा. फूल उघडं असेल तर बऱ्याचदा ते खाणं समजून लगदा आत ओढून घेतं, आणि तेच आपल्याला हवं आहे. मग ते आखडत असताना वरून आणखी लगदा टाकून भोकच भरून टाकायचं, चकतीपर्यंत चुना पोचला पाहिजे. सुई देठात खुपसायची गरज नाही. खुपसताना फाटलं तर पुन्हा तुकड्यांचा प्रश्न. पंधरा-वीस मिनिटं थांबून पंप सुरू करा.

चुना पाण्याचा पीएच चढवतो. टाकीतला पीएच साधारण 8.0 ते 8.4 च्या मध्ये असावा. एका दिवसात वीसच्या वीस फुलांवर चुना मारला तर लहान टाकीत मासे तडफडतील. शंभर लिटरच्या टाकीत एका वेळी तीन-चार, मग एक-दोन दिवस थांबून पीएच तपासून पुढचे तीन-चार, हा हिशोब बरा. मोठे आधी मारा. चुना कोरलवर पडला तर तेवढा भाग जळतो, म्हणून कोरलला अगदी चिकटून उगवलेल्या फुलावर हा प्रयोग करू नका. असा छोटा दगड सरळ बाहेर काढा आणि फुलासकट दगडाचाच कपचा तोडून टाका. फूल कापायचं नाही, त्याच्या खालचा दगड फोडायचा, तोही टाकीच्या बाहेर.

लिंबाचा रस, व्हिनेगर, उकळतं पाणी सिरिंजने मारणारेही आहेत. एखाद-दुसऱ्या फुलावर चालतं. पण हे पातळ पदार्थ आहेत, पाण्यात लगेच पसरतात, चकतीपर्यंत पोचत नाहीत आणि अर्धमेला एप्टेशिया पुन्हा उठतो. बाजारात तयार बाटल्या मिळतात, त्यांतल्या चांगल्या चालतात. पैशाचा विचार केला तर चुना स्वस्त.

चुन्याची एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ जळतं. चुन्याची पुडी दाबताना फुटून मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना आपल्या देशात नेत्रतज्ज्ञांना चांगल्या ठाऊक आहेत. सिरिंजची सुई तुंबली आणि तुम्ही जोर लावला की लगदा भलतीकडेच उडतो. तेव्हा चष्मा लावा, हातमोजे घाला आणि पोरांना बाजूला ठेवा. डोळ्यात गेलाच तर चोळू नका. लगेच नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटं सतत धुवा आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

याहून मोठा धोका दुसरा आहे. टाकीवाल्या प्रत्येक घराने तो वाचायलाच हवा. खूप फुलं झाली की एखादा वैतागून म्हणतो, दगडच उकळून काढतो. मोठं टोप घेतलं, गॅसवर ठेवलं. हे कधीही करू नका. त्या दगडावर झोआन्थिड किंवा पॅलिथोआ नावाचं बटणासारखं मऊ कोरल असू शकतं. दुकानात ते रंगीत 'झोआ' म्हणून विकलं जातं आणि बऱ्याच टाक्यांत असतं. त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे विष असतं, निसर्गातल्या सगळ्यांत जहाल विषांपैकी एक. उकळलं की ते वाफेबरोबर घरभर पसरतं. गरम पाण्याने घासलं किंवा प्रेशरच्या पाण्याने दगड धुतला तरी तुषारांतून श्वासात जातं. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या स्टीव्हन्टन गावात टाकीतलं कोरल साफ करताना अख्खं कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला आलेल्यांनाही हॉस्पिटलात न्यावं लागलं. आपल्याकडे टाकी बहुतेक बाहेरच्या खोलीत असते, तिथेच आजी झोपते, तिथेच लहान मूल खेळतं, आणि स्वयंपाकघर दोन पावलांवर.

दगड हाताळल्यावर तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव आली, ताप-थंडी भरली, खोकला, दम लागला, अंग ठणकायला लागलं तर फ्लू आहे म्हणून घरी बसू नका. सगळे घराबाहेर या, दारं-खिडक्या उघड्या टाका, हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: माशांच्या टाकीतलं कोरल, झोआन्थिड, पॅलिटॉक्सिन. यावर ठरावीक उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करतात. म्हणून कारण लवकर कळलेलं बरं. दगड खरंच वाया गेला असेल तर हातमोजे घालून उचला, माणसांपासून लांब, उन्हात ठेवा आणि काही आठवडे खडखडीत वाळू द्या. आता पावसात ते जमणार नाही, तोवर झाकणाच्या बादलीत बाजूला ठेवा.

एप्टेशिया खाणारे प्राणीही आहेत. पेपरमिंट कोळंबी त्यांत सगळ्यांत सोपी. रात्री बाहेर पडते, बारीक फुलं खाते, मोठ्यांना सहसा हात लावत नाही. म्हणून मोठी फुलं चुन्याने आणि पिलावळ कोळंबीने, अशी जोडी चांगली जमते. पण ती भरल्या पोटी काम करत नाही. टाकीत रोज मूठभर खाणं पडत असेल तर एप्टेशियाकडे बघणारसुद्धा नाही. घेताना नीट बघा, कारण उंट कोळंबी म्हणजे कॅमल श्रिम्प तिच्याच नावाने विकली जाते. तिच्या पाठीला कुबड असतं, अंगावर लाल-पांढरे ठळक पट्टे, डोळे मोठे. ती तुमचं मऊ कोरल खाईल. आणि कुणीतरी विचारेलच म्हणून सांगतो: आपल्या जाळ्यातली सुंगटां टाकून हे काम होत नाही. त्यांची जागा हुमणात.

बर्घिया नावाची बोटाच्या पेराएवढी, कवच नसलेली समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते, दुसरं काहीच नाही. मिळाली तर उत्तम, पण पंपात ओढली जाते आणि पेपरमिंट कोळंबी किंवा काही मासे तिला खाऊन टाकतात, म्हणून दोन्ही एकत्र ठेवू नयेत. एप्टेशिया संपला की ती उपाशी मरते. तेव्हा काम झालं की पुढच्या टाकीवाल्याला देऊन टाकायची. लांब चोचीचा, तांबूस पट्ट्यांचा कॉपरबँड बटरफ्लाय मासाही एप्टेशिया खातो, पण लहान टाकीसाठी तो घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवासाने थकून येतो, दुसरं खाणं धरत नाही, आणि एप्टेशिया संपायच्या आधी बहुतेक वेळा तोच संपतो.

मुळात हा येतो कुठून? विकत घेतलेल्या कोरलच्या बुंध्याला, दगडाच्या भोकात, शेवाळाच्या गुच्छात दडून. तीळभर असताना दिसत नाही. नवीन कोरल आणलं की ते ज्या गोटीवर चिकटवलेलं असतं ती काढून टाका आणि नवीन गोटीवर चिकटवा. काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून रात्री टॉर्च मारून बघा. औषधाच्या पाण्यात बुडवून काढल्याने एप्टेशिया खात्रीने मरत नाही. खाणं कमी घाला. उरलेलं खाणं हेच त्याचं खत.

आपल्या घरांत आणखी एक वाट आहे, जी शहरातल्या टाकीवाल्यांकडे नसते. दगड आणि पाणी आपण थेट दर्यातून आणतो. जाळ्यात आलेला कोरलचा दगड टाकीत ठेवावासा वाटतो, पण कठीण कोरल, समुद्रपंखा, समुद्रघोडे, समुद्रकाकडी हे सगळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहे. शोभेसाठी ठेवलं, विकलं तरी गुन्हाच. जाळ्यात आलं तर तिथल्या तिथे दर्यात सोडा. पाणी आणायचं तर जेट्टीजवळून नको, तिथे डिझेल असतं. बंदीच्या आधी लांबून, स्वच्छ ठिकाणाहून भरून झाकणाच्या ड्रममध्ये अंधारात ठेवलेलं पाणी पावसाळाभर कामाला येतं. आत्ता मांडवी-झुआरीच्या तोंडचं पाणी पावसाने इतकं गोडं झालेलं असतं की टाकीला चालणार नाही.

उलट दिशेची वाट त्याहून महत्त्वाची. काढलेली फुलं, दगडाचे कपचे, टाकी उपसलेलं पाणी, कंटाळा आला म्हणून मासे, यातलं काहीही खाडीत किंवा किनाऱ्यावर टाकू नका. "दर्याचंच आहे, दर्यात गेलं" असं नसतं. दुकानातला माल कुठल्या समुद्रातून आला हे आपल्याला माहीत नसतं. लायनफिश आपल्या बाजूच्या समुद्रातला मासा. 1985 मध्ये तो फ्लोरिडाजवळ अटलांटिकमध्ये पहिल्यांदा सापडला. हौशी टाक्यांतूनच तो तिथे गेला असावा असं मानतात. आज तिथले मच्छीमार त्याच्याशी झगडतायत, कारण तो बाकीच्या माशांची पिल्लं खातो आणि तिथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. केरळात अष्टमुडीला दक्षिण अमेरिकेकडची चारू शिंपली आली. ती टाकीतून आलेली नाही, बहुधा जहाजांबरोबर आली, पण कालवं-शिनाणे वाढवणाऱ्यांच्या दोऱ्या तिने भरून टाकल्या. तुकड्यातून वाढणारा प्राणी आपल्या कालवांच्या खडकावर कुणी मुद्दाम नेऊन ठेवायचा?

टाकाऊ तुकडे बादलीत घ्या, वर ब्लीचचं पाणी ओता, रात्रभर ठेवा, मग संडासात ओता. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो. उपसलेल्या पाण्यातही ब्लीच घालून, थांबून मगच गटारात, आणि ते गटार विहिरीकडे किंवा माडांकडे जात नाही ना ते बघून. टाकीसाठी वापरलेली बादली आणि सिरिंज वेगळ्या खुणेच्या ठेवा.

चुना मारल्यावर आठवड्याने बघा, तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. मेलेल्या फुलाच्या भोवती हातभर अंतरात टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं दिसतील. ती त्याच वेळी मारायची, कारण तेव्हा एका सिरिंजमध्ये दहा होतात. टाकीच्या मागची काच, पंपाची जाळी आणि ओव्हरफ्लोचा कोपरा हे तिन्ही टॉर्च लावून तपासा, दगड स्वच्छ झाला तरी तो तिथून परत येतो. कुणाकडे जास्तीची पेपरमिंट कोळंबी असेल किंवा ओळख पटत नसेल तर उजेडात काढलेला स्पष्ट फोटो टाका, सगळे मिळून बघू.